ऑक्सफर्ड येथील विद्यार्थ्यांच्या घरभाड्याचा निवाडा (इ. स. १२१४)

सन १२०९ मध्यें ऑक्सफर्ड येथें एका विद्यार्थ्याच्या हातून अपघातानें एक स्त्री मेली व तो पळाला. तेव्हां त्याच्याबरोबर भाड्याच्या घरांत राहणाऱ्या निरपराध सोबत्यांस राजाज्ञेनें फांशीं दिलें, असें वेंडोव्हरचा रॉजर हा बखरकार लिहितो. अध्यापक व विद्यार्थी गांव सोडून गेले. कांहीं केंब्रिजला राहिले. घरमालकांस भाडेकरू उरले नाहींत.

पुढें १२१४ त पोपचा वकील निकोलस यानें दिलेल्या निवाड्यांतील भाड्याचीं कलमें आम्हांस विशेष महत्त्वाचीं वाटतात. विद्यार्थ्यांस दिलेल्या घरांचें पूर्वीं ठरलेलें भाडें दहा वर्षें निम्में घ्यावें. त्यापुढील दहा वर्षें पूर्वींइतकेंच घ्यावें. नव्या घरांचें भाडें चार अध्यापक व चार नागरिक यांनीं मिळून ठरवावें.

ह्यास कोणी औदार्य म्हणतील. आमच्या मतें हा निव्वळ दंड होय, आणि तो वसूल झाला तो गांव ओस पडल्यामुळें. शिवाय भाडें ठरविणाऱ्या त्या आठांत, ज्यानें तें द्यावयाचें त्या विद्यार्थ्यास जागा नाहीं. १२३१ त तिसऱ्या हेन्रीनें केंब्रिजच्या अधिकाऱ्यांस असेंच फर्माविलें. तेथेंही दोन अध्यापक व दोन नागरिक.