दक्षिण समुद्रातील चागोस बेटे



माहुलीचा किल्ला किंवा नाणेघाट आपणांपैकी पुष्कळांनी चढलेला आहे. तेथील काळ्या कातळाचे एक भावंड समुद्रात आहे. मुंबईच्या जवळजवळ थेट दक्षिणेस, विषुववृत्तापलीकडे, सुमारे २,९०० किलोमीटरांवर चागोस हा साठाएक बेटांचा समूह आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील ज्या उष्ण स्थानाने दख्खनचा लाव्हा ओतला, त्याच्यावरून भूकवच उत्तरेकडे सरकत गेले आणि मागाहून मालदीव व चागोस यांचा ज्वालामुखी पाया तयार झाला. १९८७ साली समुद्रतळाला भोके पाडून काढलेल्या खडकांवरून हा क्रम पडताळता आला.

या बेटांची मोजणीही मुंबईकडूनच झाली. १७८६ साली मुंबई सरकारने दिएगो गार्सिया बेटावर वसाहतीसाठी माणसे पाठविली. तेव्हा लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याने ते मोजले. वसाहत त्याच वर्षी उठली, नकाशा उरला. १८३७ साली कंपनीच्या आरमारातील रॉबर्ट मोर्सबी याने वजनाची दोरी सोडून साऱ्या समूहाची खोली घेतली. मध्यभागी प्रवाळाचे एक प्रचंड कडे आढळले, पण ते बहुतेक पाण्याखाली! डार्विनने १८४२ च्या आपल्या ग्रंथात या मोजणीचा आधार घेतला. ज्वालामुखी खचत जातो, प्रवाळ वर वाढत राहते. वाढ थांबली की कडे बुडते, असा त्याचा सिद्धान्त होता.

समुद्राची खोली अशी काटेकोर मोजली गेली. माणसांची गणती मात्र निराळी झाली. खोबरेल तेलासाठी फ्रेंच मळेवाल्यांनी येथे गुलाम आणले. गुलामगिरी सुटल्यावरही त्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या मळ्यांवर राबले. काही हिंदी मजूरही त्यांत मिसळले. १९६५ साली ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. पुढे अमेरिकेच्या लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसांना तेथून हलविण्यात आले. सरकारी कागदांत म्हटले होते की, हे रहिवासी नव्हेत, कंत्राटी मजूर आहेत.

हे वाक्य आम्हांला ओळखीचे वाटले. शहापूर-मुरबाडचे कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. मग पाड्यावर त्याचे घर बंद असते आणि भट्टीवर ते उपरे ठरते. कामगार चळवळीत आम्ही अशांचे दाखले मिळविण्यासाठी किती खेपा घातल्या, त्याची मोजदाद नाही.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोसची ती तोडणी बेकायदेशीर असल्याचे मत दिले. तोवर घर सोडलेले कितीतरी जण परमुलखात मरून गेले होते. म्हणून नकाशा उघडताना तेथे कोण राहत होते हे आधी विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.