नियम कडक, एजंट निर्धास्त

अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात चार मराठी कुटुंबे जमली आणि पुण्या-नाशिकच्या भाच्या-पुतणीच्या व्हिसाचा विषय निघाला, की एक मत हमखास ऐकू येते. नियम कडक झाले ते बरेच झाले. आता कन्सल्टन्सीवाल्यांची दुकाने बंद होतील, सुमार कॉलेजे गळतील, खऱ्या विद्यार्थ्याला कसली भीती? हे म्हणणारे बहुतेक जण स्वतः एफ-वन विद्यार्थी व्हिसावर आलेले आणि स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले, त्यामुळे मताला वजन येते. त्यात तथ्यही आहे. एकाच साच्यातली प्रवेशअर्जाची निवेदने (एसओपी), मुलाखतीसाठी पढवलेली उत्तरे, खात्यात चार दिवस फिरवून आणलेली रक्कम हे कोणी नाकारणार नाही. पण रोगाचे निदान बरोबर आले म्हणून औषधही बरोबर ठरत नाही.

आधी ‘खऱ्या विद्यार्थ्याला भीती नाही’ हे तपासू. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकाभरातल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस या सरकारी नोंदणीप्रणालीतल्या नोंदी एकाएकी रद्द झाल्या. अनेकांच्या नावावर होता तो वाहतुकीचा किरकोळ गुन्हा, नाहीतर केव्हाच निकाली निघालेले प्रकरण. अल्फारेटाहून तासाभराच्या अंतरावरच्या अटलांटातील फेडरल कोर्टात 133 जणांनी दाद मागितली. न्यायाधीश व्हिक्टोरिया कॅल्व्हर्ट यांनी 18 एप्रिलला नोंदी पूर्ववत करण्याचा तात्पुरता आदेश दिला आणि आठवडाभरात सरकारनेच देशभर माघार घेतली. या मुलांना कोणत्या एजंटाने आणले, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. पुढे 27 मे ते 18 जून विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबले, तेही ऑगस्टच्या प्रवेशासाठी स्लॉटची धावपळ चालू असताना. त्या ऑगस्टमध्ये भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. ज्याला स्लॉट मिळाला तो आला, ज्याला मिळाला नाही तो घरी राहिला. यात गुणवत्तेची पारख कुठे झाली?

दुसरा मुद्दा सुमार कॉलेजांचा. त्या हंगामाचा फटका शिकागोच्या डीपॉलसारख्या, 1898 पासून चालत आलेल्या विद्यापीठालाही बसला. तिथे पदव्युत्तर वर्गात नव्याने येणारे परदेशी विद्यार्थी सुमारे 62 टक्क्यांनी घटले. उलट बनावट प्रवेशांवरची सर्वांत गाजलेली कारवाई, मिशिगनमधले 2019 चे फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण, व्हिसाच्या नियमांनी घडलीच नाही. ती गुप्त फौजदारी तपासाची होती. ते ‘विद्यापीठ’ खुद्द सरकारी यंत्रणेने थाटले होते आणि सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत झळकत होते. आठ भरतीदार पकडले गेले. स्थलांतर कायद्याखाली अटक झालेले विद्यार्थी मात्र सुमारे अडीचशे.

आता एजंटांकडे येऊ. फेडरल मदत घेणाऱ्या अमेरिकी कॉलेजाने विद्यार्थी आणून देणाऱ्याला डोईमागे कमिशन देऊ नये, असा कायदा 1992 पासून आहे. त्याच कलमात एक अपवाद आहे: परदेशात राहणारे, ही मदत मिळण्यास अपात्र असलेले विद्यार्थी. म्हणजे जॉर्जियातल्या मुलीमागे जे कमिशन बेकायदा, ते साताऱ्याच्या मुलीमागे चालते. ‘आमची सेवा मोफत’ या पाटीमागचे गणित हेच. पहिल्या वर्षाच्या फीमधला हिस्सा कॉलेज परस्पर देते. व्हिसाचा एकही नवा नियम या हिशेबाला हात लावत नाही. उलट नियम जितके किचकट, तितका वाटाड्या हवाच. कॅनडाने जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हा एजंट संपले नाहीत. ते जर्मनी-आयर्लंड विकू लागले.

नियम किचकट झाले की काय होते, याचे एक उदाहरण पाहा. विद्यार्थ्याच्या अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद असलेल्या आय-94 वर तारखेच्या जागी आज ‘डी/एस’ अशी दोन अक्षरे असतात, म्हणजे अभ्यासक्रम चालू असेपर्यंत मुक्काम. तिथे तारीख घालून मुदत चार वर्षांवर आणण्याचा प्रस्ताव ऑगस्ट 2025 मध्ये आला. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात. आज मुदत वाढवताना विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थ्यांसाठी नेमलेला अधिकारी (डीएसओ) विद्यार्थ्याची प्रगती पाहून आय-ट्वेंटी हे पात्रतेचे नवे प्रमाणपत्र देतो. प्रस्तावाप्रमाणे त्याशिवाय यूएससीआयएस या सरकारी स्थलांतर खात्याकडेही अर्ज करावा लागेल. त्यात कॉलेजाचा अधिकार घटतो, विद्यार्थ्याचा खर्च वाढतो आणि वकील-सल्लागारांचे गिऱ्हाईक वाढते.

मग उपाय काय? लगाम कमिशनला आणि ते देणाऱ्या कॉलेजाला हवा. ऑस्ट्रेलियाने व्हिसा शुल्क वाढवले, हे सगळ्यांना ठाऊक आहे; पण तिथे कॉलेजाला एजंटाशी लेखी करार करावा लागतो आणि आपल्या एजंटांची यादी संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. अमेरिकेने निदान एवढे करावे, आणि 1992 च्या कायद्यातला तो अपवाद काढून टाकावा.

तोवर, भाच्याचा फोन आला तर ‘नियम कडक आहेत, जपून’ एवढ्यावर थांबू नका. त्याला कन्सल्टन्सीला दोन प्रश्न लेखी विचारायला सांगा: तुम्ही सुचवलेल्यांपैकी कोणती कॉलेजे तुम्हाला पैसे देतात, आणि किती? उत्तर मिळाले नाही, तर त्या ऑफिसात पुन्हा पाऊल टाकू नये.