मृताचे कीर्तन : ‘महानिर्वाण’मधील काळा विनोद

फ्रान्झ काफ्काची ‘मेटॅमॉर्फोसिस’ ही दीर्घकथा १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. कापडाचा फिरता विक्रेता असलेला ग्रेगोर साम्सा एका सकाळी किडा होऊन जागा होतो, आणि या अघटितापेक्षा त्याला आगगाडी चुकल्याची धास्ती अधिक वाटते. कथेतील हास्य या विपर्यासातून उद्भवते. ज्या घराचे कर्ज फेडण्यासाठी तो राबला, त्याच घरातला बाप त्याला सफरचंद फेकून मारतो आणि ते त्याच्या पाठीत रुतून कुजत राहते. काफ्का म्हटले की आपण गंभीर चेहरा करून बसतो. परंतु ‘द ट्रायल’चे पहिले प्रकरण मित्रांना वाचून दाखविताना तो स्वतःच हसत होता, हे मॅक्स ब्रॉडने नोंदविले आहे.

मराठी रंगभूमीवर कौटुंबिक क्रौर्य उघडेवाघडे मांडले ते तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ने (प्रयोग १९७०). तेथे पैशासाठी बापावर हात टाकणारी मुले आहेत, पण प्रेक्षकाला हसण्याची उसंत नाही. ती दिली सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ने (१९७४). त्याला ‘ॲब्सर्ड’ म्हणून युरोपीय कप्प्यात टाकणे सोयीचे असले, तरी त्यामुळे नाटकाची खरी जातकुळी झाकली जाते.

भाऊराव हे कीर्तनकार. ते मरतात आणि स्वतःच्या मरणावर कीर्तन करू लागतात. कीर्तनाचे प्रयोजनच मुळी देहाची नश्वरता आणि आप्तांचा मोह यांविषयी श्रोत्यांना सावध करणे हे असते. जन्मभर हे सांगितलेला माणूस आता देह सोडावयास तयार नाही. जुन्या, बंद झालेल्या स्मशानातच आपले दहन व्हावे, हा त्याचा हट्ट. प्रेत राहते, दिवस लोटतात, आणि मुलगा नाना त्या हट्टात अडकतो. चाळकरी मात्र प्रथेप्रमाणे चोख वागतात. दुःखाचीही एक ठरीव कवाईत असते, ती ते पार पाडतात.

काफ्काशी तुलना येथे उपयोगी पडते, ती साम्यापेक्षा भेदासाठी. ग्रेगोरची वाचा गेलेली आहे. त्याचे बोलणे घरच्यांना कळत नाही, म्हणून त्याच्यावर क्रूर होणे त्यांना सोपे जाते. भाऊरावांपाशी मात्र वाचाच वाचा आहे, चालींसह आणि आख्यानासह. येथे क्रौर्य एकतर्फी राहत नाही. मृत बापही मुलावर सत्ता गाजवितो, आणि ती सत्ता भक्तीच्या भाषेत बोलते, हा या नाटकातील सर्वांत काळा विनोद होय. ‘कुटुंबाची निष्ठुरता’ एवढेच सूत्र धरणारे वाचन या बाजूकडे पाठ फिरविते असे मला वाटते.

वाशीमकडच्या वर्गात काफ्का शिकविताना विद्यार्थी स्तब्ध असतात. ‘महानिर्वाण’ला हसतात, आणि मग चपापतात. दशक्रियेला पिंडाला कावळा शिवेपर्यंत खोळंबलेली माणसे, मृताची राहिलेली इच्छा कोणती यावर चालणारी कुजबुज, ‘अमुक करीन’ असा कोणीतरी दिलेला शब्द: हे त्यांनी पाहिलेले असते. मृताची इच्छा हे जिवंतांवरचे ऋण असते, हा समज आळेकरांनी कल्पिलेला नाही. त्यांनी तो केवळ ताणला. चंद्रकांत काळे यांचे भाऊराव आणि आनंद मोडक यांचे संगीत यांमुळे प्रयोगात कीर्तनाची गोडी अस्सल उतरली होती. ती तशी नसती तर विडंबन उथळ ठरले असते.

उरतो प्रश्न रमाबाईंचा. काफ्काची कथा संपते तेव्हा ग्रेटे ट्राममध्ये उठून आपले तरुण अंग ताणते. भावाच्या मरणानंतरची ती टवटवी वाचकाला बोचते, पण काफ्का तिला दोष देत नाही. ‘महानिर्वाण’मध्ये नवऱ्याच्या अंत्ययात्रेतल्याच एका अनोळखी पुरुषाकडे रमाबाईंचे मन ओढले जाते. हा प्रसंग अभिरुचीला धक्का देणारा म्हणून बाजूला सारणे फार सोपे आहे. वस्तुतः भाऊरावांच्या कीर्तनात पत्नीला बोलण्याची जागाच नव्हती. ती तिला मिळते ती तिरडी उचलली जात असताना, आणि तेव्हाही भाऊराव गातच असतात.