बीजमाता राहीबाई पोपेरे

लखनौच्या सिकंदर बागेलगत राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेचे विस्तीर्ण उद्यान आहे. ही संस्था ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अखत्यारीत येते, तिचे माजी महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी शाळेची पायरीही न चढलेल्या एका शेतकरी स्त्रीस ‘बीजमाता’ म्हणून गौरविले. त्या म्हणजे राहीबाई सोमा पोपेरे.

राहीबाईंचा जन्म १९६४ सालचा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले कोंभाळणे हे त्यांचे गाव. महादेव कोळी समाजातील या कुटुंबाची सारी भिस्त पावसावर. पुढे या डोंगराळ भागातही संकरित बियाणे आले. उत्पन्न वाढले, परंतु संकरित पिकाचे घरी राखलेले बी पुढील हंगामात तोच गुण देत नाही. त्यामुळे दरवर्षी बियाणे विकत घेणे आले. खते व औषधांचा खर्चही वाढला. घरातील लहानग्यांची आजारपणे पाहून राहीबाईंच्या मनात या अन्नाविषयी शंका उत्पन्न झाली आणि त्या गावठी वाणांकडे वळल्या.

वाल, भात, भाज्या यांचे जुने बी त्यांनी वाड्यावस्त्यांवरून गोळा केले, परसबागेत वाढविले आणि राख व कडुनिंबाचा पाला घालून मातीच्या मडक्यांत जपले. ‘बाएफ’ संस्थेच्या साहाय्याने घरच्या संग्रहाची बीजबँक झाली. बचत गटांतील स्त्रियांना त्यांनी परसबागेची दीक्षा दिली. बियाणे नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट बी परत करावे, हा त्यांचा साधा नियम. त्यामुळे कोठारही भरते आणि वाण अनेकांच्या शेतांत नांदते.

२०१८ चा नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० ची पद्मश्री त्यांना लाभली. कृषिपदवीधरही त्यांच्याकडून बियाण्यांचे ज्ञान घेऊ लागले. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीकडे केवढी विद्या असू शकते, याचे भान शिक्षणसंस्थांनी ठेवावयास हवे.

नुसते साठविलेले बी वर्षागणिक उगवणशक्ती गमावते; त्यास पुन्हा पुन्हा मातीत पडावे लागते. महाराष्ट्रापासून दूर, घरात मराठी बोलती ठेवणाऱ्या मातापित्यांना राहीबाईंच्या कार्याचे मर्म म्हणूनच सहज उमगावे.