गवताला भाव होता, रुईला नव्हता

डहाणू-तलासरीचा इतिहास वाचायला घेतला की गवत सारखं भेटतं. मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरीला वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे हे निदान आपल्यापर्यंत पोचलं. पुढे जंगलाचीही दखल घेतली गेली. २० जून १९९१ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला.

या सगळ्यात रुई मला कुठेच भेटली नाही. शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडते, तेवढाच तिचा मान. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, चीक डोळ्यासाठी वाईट. म्हणून बांधावर, रुळांच्या कडेला, कुणाच्या हिशेबात नसलेल्या जागेत ती वाढत राहिली.

आणि तिच्यावर बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर. मादी पानावर एकेक अंडं घालते. अळी तो विषारी चीक पचवते, विष अंगात साठवते. पुढे फुलपाखरू झाल्यावर पक्षी एकदा चव घेतात आणि नाद सोडतात. कडवा नाव उगाच नाही. इजिप्तमधल्या नेबामुनच्या थडग्यातलं सुमारे ३,३५० वर्षांपूर्वीचं शिकारीचं चित्र आहे, त्यातही हेच फुलपाखरू ओळखू येतं.

मागच्या वर्षी मी फुलपाखरांसाठी म्हणून नर्सरीतून हळदीकुंकू आणलं. ते मूळचं अमेरिकेतलं. लिनियसने १७५३मध्ये ते आणि रुई एकाच पुस्तकात, एकाच प्रजातीत नोंदवले होते. रुई वेगळी झाली ती १८१०मध्ये. कडवा हळदीकुंकवावरही अंडी घालतो, त्यामुळे ते आणणं काही पाप नव्हे. पण त्याला जागा करायला मी कुंपणाजवळची रुई उपटली. पानांखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या. त्या झुडपासकट कचऱ्यात गेल्या. हे लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, फोनमधला फोटो मोठा करून बघताना.

या उन्हाळ्यात तलासरीच्या वाटेवर रुईची बोंडं फुटलेली दिसली. लहानपणी ज्यांच्यामागे धावायचो त्या म्हाताऱ्या हवेत होत्या. मूठभर पकडून आणल्या, बिया कुंडीत पेरल्या. तीन रोपं आली आहेत. पाऊस सुरू झाला की कुंपणाला लावीन.

आई बघून म्हणाली, “रुई काय लावायची असते का रे? ती येते.”