एकाच हातापायापुरती थांबणारी मेरुरज्जूची व्याधी

महादेवपुरा (बंगळूरु) : हात हलविण्याचा आदेश मेंदूकडून निघतो; तो स्नायूपर्यंत पोहोचविण्याचे अखेरचे काम मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशी करतात. एक स्नायू आकुंचन पावत असताना विरुद्ध बाजूचा स्नायू सैल ठेवणारे चेतापेशींचे जाळेही मेरुरज्जूतच असते. प्रेरक पेशी नष्ट झाल्यास आदेश वाटेतच खुंटतो आणि स्नायू झिजू लागतो.

ही झीज एकाच हातापुरती किंवा पायापुरती मर्यादित राहणाऱ्या विकाराला ‘मोनोमेलिक अमायोट्रॉफी’ हे नाव बंगळूरु येथील निम्हान्स संस्थेच्या डॉ. एम. गौरीदेवी व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये २३ रुग्णांच्या अभ्यासातून दिले. हाताच्या अशा विकाराचे वर्णन जपानचे केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये केले होते.

हा विकार प्रामुख्याने तरुण पुरुषांत आढळतो. आरंभी तो अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस अर्थात एएलएस या प्राणघातक आजारासारखा भासू शकतो. मात्र एएलएस पसरत जाऊन श्वसनाचे स्नायूही निकामी करतो. मोनोमेलिक अमायोट्रॉफी बहुधा काही वर्षे वाढून स्थिरावते. गमावलेली शक्ती सहसा परत येत नाही. त्यामुळे वेळीच निदान महत्त्वाचे ठरते. हाताच्या विकारात मान पुढे झुकवून केलेल्या एमआरआय तपासणीत मेरुरज्जूवरील दाब दिसू शकतो. अशा रुग्णांना मानेचा पट्टा वापरून पुढील झीज रोखण्यास मदत होऊ शकते.