प्रकल्पातील चित्र कोणाचे?

शालेय प्रकल्पाचा विषय रायगड असो वा राजा रविवर्मा, चित्रांखाली एक ओळ हमखास आढळते – 'सौजन्य : गूगल'. पूर्वी अशी चित्रे स्टेशनरीच्या दुकानातील छापील तक्त्यांतून कापली जात. त्या तक्त्यांवर चित्रकाराचे नाव क्वचितच असे. आता ते बहुधा मूळ पानावरच असते, तरीही वहीत उतरत नाही. गूगल चित्र शोधून देते, काढत नाही; पुस्तकाचा लेखक विचारला असता ग्रंथालयाचे नाव सांगावे, तसाच हा प्रकार.

कायदा विद्यार्थ्यांबाबत उदार आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रतिकृती हक्कभंग ठरत नाही. मात्र तोच प्रकल्प शाळेच्या संकेतस्थळावर किंवा वार्षिकांकात झळकला, की ही सवलत गृहीत धरता येत नाही. शिवाय कलम ५७ ने कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क दिला असून कॉपीराइट विकल्यानंतरही तो त्याच्याकडेच राहतो.

चित्राच्या हक्काची मुदत चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांची असते. रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले. त्यामुळे त्यांची चित्रे आज सर्वांना खुली आहेत. छायाचित्राची ६० वर्षे २०१२ च्या कायदादुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीपासून मोजली जात; आता तीही छायाचित्रकाराच्या निधनानंतर मोजली जातात. त्यामुळे एखाद्या दुर्गप्रेमीने अलीकडे टिपलेला रायगड रविवर्मांच्या चित्राइतका मोकळा नाही.

अशा वेळी २००४ मध्ये सुरू झालेले 'विकिमीडिया कॉमन्स' उपयोगी पडते. तेथे प्रत्येक चित्राच्या पानावर कर्ता व परवाना नोंदलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यातील 'बाय' म्हणजे कर्त्याचे नाव देणे बंधनकारक. 'एसए' म्हणजे चित्रात बदल करून ते प्रसिद्ध केल्यास त्याच अटींवर द्यावे. अन्यत्र आढळणारे 'एनसी' व्यापारी वापर नाकारते, तर 'एनडी' असलेले चित्र बदलून इतरांना देता येत नाही. कोलाजची हौस असणाऱ्यांनी हे शेवटचे अक्षर अवश्य पाहावे!

श्रेयाची ओळ लांबलचक नको. 'होळीचा माळ, रायगड, छायाचित्रकाराचे नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०' एवढी पुरे, सोबत पानाचा पत्ता. कर्त्याने टोपणनाव घेतले असेल, तर तेच लिहावे. चित्र पिंटरेस्टवर सापडल्यास 'गूगल लेन्स'ने मूळ पान शोधावे. ते न मिळाल्यास दुसरे चित्र निवडावे. ही नोंद चित्र उतरवून घेतानाच करावी. प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री ते पान पुन्हा सापडेलच असे नाही.